मालकाला बोलवा

‘जाऊ द्या’ हे दोन शब्द मंदाकाकूंसमोर बोलायचे नसतात, हे आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळायचं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. राहुरीच्या शाखेत बदली झाली आणि काकूंच्या पिठाच्या गिरणीसमोर वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. गव्हाचं दळण घेऊन गेले, तर माझ्या आधी कुणाची तरी बाजरी दळलेली. पीठ काळपट आलं. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नवखी. म्हटलं, “असू दे काकू, जाऊ द्या.”

त्यांनी पट्टा सोडवला. गिरणी थांबली, पण आवाज तेवढाच राहिला.

“कुठं जाऊ द्या? पीठ काळं झालंय का न्हाई?”

“झालंय थोडं.”

“मग बोल की मला. भांड. चूक माजी हाय. आत्ता गप बसलीस तर जलमभर काळं पीठ खाशील.”

आणि मी गिऱ्हाईक असून मलाच अर्धा तास बोलणी बसली, मी भांडले नाही म्हणून. नंतर त्यांनी घरातला गहू आणून दळून दिला.

मंदाकाकू हारदे तेव्हा साठीला टेकल्या होत्या. काटक अंग, डोक्याला टॉवेल, पदर कमरेला खोचलेला, भुवयांवर कायम पीठ. नवरा दम्याने गेला. पिठाच्या धुळीत त्याला उभं राहवेना, तेव्हा त्यांनी गिरणी हातात घेतली ती कायमची. दगडाला टाकी लावण्यापासून मोटर खोलण्यापर्यंत सगळं स्वतः करायच्या. चहा बशीतून प्यायच्या, एका घोटात, उभ्यानेच.

गल्ली त्यांना भांडखोर म्हणायची, आणि त्या होत्याच. पण त्यांच्या भांडणाला एक शिस्त होती. नोकराशी भांडायचं नाही. एकदा गिरणीची थ्री फेजची लाइन दोन-तीन दिवस बंद होती. वायरमन आला, खांबाकडे बघून परत निघाला. काकूंनी त्याला बसवून चहा दिला. “तुजी काय चूक न्हाई बाबा,” म्हणाल्या आणि त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून वीज कार्यालयात गेल्या. तिथे सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. काकूंनी दाराशी स्टूल ओढलं आणि बसल्या. “मालकाला बोलवा. मी हाय हितंच.” संध्याकाळी त्या साहेबांच्या जीपमधून गल्लीत उतरल्या, तेव्हा लाइन आली होती.

दूधवाला, गॅसवाला, बँक, नगरपरिषद, सगळ्यांना हे वाक्य पाठ झालं होतं. मालकाला बोलवा. प्रत्येक गोष्टीला कुणीतरी मालक असतो, त्याला तोंड असतं, आणि त्या तोंडावर जाऊन विचारता येतं, एवढ्या एका भरवशावर त्या बाईने आयुष्य काढलं होतं.

त्या चुकायच्याही. एकदा दुधात पाणी घातलं म्हणून दूधवाल्याच्या अंगावर गेल्या आणि नंतर कळलं की पाणी घरातच पडलं होतं. चूक झाली की काकू ती तोंडाने कबूल करायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी थालीपिठाच्या भाजणीचा डबा जायचा. डबा आला की समजायचं, काकूंनी माफी मागितली.

मुलगी वर्षा लग्न होऊन चाकणला. ती आणि जावई नितीन दोघंही कंपनीत, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. म्हणून नातू आजीकडे शिकायला ठेवलेला. इथे मी त्याला सोहम म्हणते, खरं नाव वेगळं आहे. पाचवीत होता. गोरा, बारीक, गिरणीच्या ओट्यावर बसून डब्यांवर खडूने नावं घालायचा. वर्गाचा अभ्यास व्हॉट्सॲपवर यायचा, म्हणून काकूंच्या नावावर एक स्मार्टफोन घेतलेला. तो फोन काकूंना फक्त उचलता यायचा.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. एका दुपारी एक बाई गिरणीसमोर येऊन उभी राहिली आणि ओरडायला लागली. मी जेवायला घरी आले होते. सज्ज्यात आले. सोहमच्या वर्गातल्या एका मुलीची ती आई. सोहमने मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे तिच्या मुलीचा हात धरला होता आणि तिला काहीतरी करायला सांगितलं होतं. काय सांगितलं, ते त्या आईने भर रस्त्यात शब्दशः म्हटलं. मी ते इथे लिहिणार नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते शब्द यायचं काही कारण नव्हतं.

गल्ली दारादारात आली. सगळ्यांना वाटलं, आता मंदाकाकू या बाईला उभी सोलणार. काकूंनी गिरणी बंद केली, हात पुसले, खाली उतरल्या. 

“आनि काय बोल्ला?” काकूंनी विचारलं.

“आणखी काय ऐकायचंय तुम्हाला?”

“सगळं. तुमचा राग ऱ्हायला असंल तर तोबी काढा. तुमचं बरोबर हाय.”

ती बाई रडायला लागली. काकू तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. हात लावला नाही, समजूत काढली नाही. ती गेल्यावर शटर ओढलं आणि शाळेत गेल्या.

शाळेतला प्रसंग मी पाहिला, कारण काकूंनी मला बरोबर नेलं होतं. मुख्याध्यापक सज्जन माणूस, कुणाला दुखवायचं नाही अशा बेताने बोलणारा. म्हणाले, मुलं लहान आहेत, वाढवायला नको, आम्ही मुलीला दुसऱ्या तुकडीत बसवतो, म्हणजे समोरासमोर यायला नको.

“पोरीला का?” काकू म्हणाल्या.

“तिच्याच सोयीसाठी.”

“तिच्या मैतरनी हितं, तिच्या बाई हितं. तिनं काय केलं म्हनून तिनं उठायचं? आमचं पोरगं हालवा.”

“काकू, सोहम हुशार मुलगा आहे. त्याच्या अभ्यासावर परिणाम…”

“आनि तिच्या?”

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. स्वतःच्या नातवाविरुद्ध भांडायला आलेली आजी त्यांनी आयुष्यात पाहिली नसावी. सोहमची तुकडी बदलली. त्या मुलीच्या घरी या वेळी भाजणी गेली नाही. काकू स्वतः गेल्या, उंबऱ्यात उभ्या राहून, तोंडाने माफी मागून आल्या. कुणी आत बोलावलं नाही. ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता. “मीबी बोलीवलं नसतं,” म्हणाल्या.

सोहमला त्यांनी मारलं नाही. मला भीती होती की मारतील. संध्याकाळी मला खाली बोलावून घेतलं आणि त्याला माझ्यासमोर बसवून विचारलं. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. हळूहळू बोलला. गाड्यांचा एक गेम होता. त्यातल्या नवीन गाड्या फुकट मिळवायची युक्ती शोधत होता. एक जाहिरात आली, ती दाबली, दुसरं पान आलं, त्यावर प्रश्न होता.

“कसला प्रश्न?”

“तुमचं वय अठरापेक्षा जास्त आहे का?”

“मग तू काय म्हनलास?”

“येस.”

“का?”

पोराला प्रश्नच कळला नाही. “नो दाबलं की बंद होतं, आजी. येस दाबलं की चालू होतं. सगळीकडे तसंच असतं.”

मग जे दिसलं ते त्याला कळलं नव्हतं. पहिल्यांदा भीती वाटली, झोप लागेना. तरी परत बघितलं, परत परत बघितलं. कुणाला सांगावं कळेना. शेवटी त्याने विचारलं, “आजी, मी वाईट हाय का?”

 काकू म्हणाल्या, “तू वाईट वागलास. त्या पोरीला घाबरीवलंस. ते तुला जलमभर आठवाया पायजे. पन तू वाईट न्हाईस. जा, तोंड धू.”

तो गेल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “दाव मला ते पान.”

मी म्हटलं, “काकू, ते बघण्यासारखं नाही.”

“आतलं नको. दार दाव.”

मी पान उघडलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी, खाली दोन बटणं. मी वाचून दाखवलं.

“न्हाई दाब.”

मी ‘नो’ दाबलं. पान बंद होऊन दुसरंच काहीतरी आलं.

“आता परत मागं जा.”

गेले. तोच प्रश्न, तीच दोन बटणं.

“मंजी आत्ताच न्हाई म्हनालेलं मानूस लगेच व्हय म्हनलं तरी चालतं?”

“चालतं.”

“मग हा इचारतो कशाला?”

मी म्हटलं, “उद्या कुणी जाब विचारला, तर आम्ही विचारलं होतं, पोरगं खोटं बोललं, असं म्हणता यावं म्हणून.”

हे ऐकल्यावर काकूंच्या तोंडावर जे आलं, ते मी आजही विसरले नाही. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हाताची मूठ वळली आणि ती मांडीवर दाबून धरली, एखाद्या जनावराचं तोंड दाबून धरावं तशी. “खोटं पोरानं बोलायचं,” म्हणाल्या, “आनि सुटायचं ह्यांनी.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांची शोधाशोध सुरू झाली. आधी गेल्या अस्लमच्या मोबाईलच्या दुकानात, जिथून सिम घेतलं होतं. अस्लम तरणा, कामाचा पोरगा. त्याने फोनमध्ये होती नव्हती ती बंधनं घालून दिली, त्याचं काही घेतलं नाही. पण म्हणाला, “काकू, खरं सांगू का? सिम तुमच्या नावावर हाय. कंपनीच्या लेखी हा फोन साठ वर्षांची बाई वापरती. पोरगं हाय हे त्यांना कळनार कसं?”

काकूंकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्या परत आल्या. मग माझ्या फोनवरून सिमच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. मुलांवर लक्ष ठेवणं ही पालकांची जबाबदारी आहे, असं तिने आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं. काकू तिला म्हणाल्या, “बाळा, तू नोकर हायेस, तुज्याशी माजं भांडान न्हाई. मालकाला दे.” ती मुलगी म्हणाली, “मॅम, आपकी शिकायत दर्ज कर ली गई है.” आणि फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात मीही होते. ड्युटीवरचा हवालदार नीट बोलला, खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि पेन उचलून विचारलं, “तक्रार कुणाविरुद्ध लिहू?”

“मालकाविरुद्ध.”

“कोण मालक?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या आठवड्यात बरंच खोदलं होतं. ती साइट कुठल्यातरी बेटावरच्या कंपनीच्या नावावर होती. त्या कंपनीचा पत्ता एका टपालपेटीचा होता आणि जाहिरात देणारी कंपनी भलतीच होती. मी ते सांगितलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं. म्हणाला, “ताई, तालुक्याचं ठाणं हाय हे. ह्या बेटाला समन्स मी कुठनं पाठवू? वर कळवतो. सायबरवाले बघतील. काकू, खरं सांगतो, माझ्या घरी पन पोरगं हाय.”

परत येताना काकू नेहमीसारख्या पुढे चालत नव्हत्या. माझ्या बरोबरीने चालत होत्या. इतकी वर्षं या बाईला समोर कुणीतरी उभं मिळालं होतं. साहेब असो, सावकार असो, सगळ्यांना दार होतं. या वेळी तिच्या घरात येऊन, तिच्याच छपराखाली, तिच्याच नातवाला कुणीतरी हात घातला होता, आणि त्या माणसाला चेहरा नव्हता, ओटा नव्हता, स्टूल ओढून बसावं असा उंबरासुद्धा नव्हता. मला राग येतो तो याचा. पोरांना खाऊन पैसा करणारे पूर्वीही होते, पण त्यांना गावात तोंड लपवून फिरावं लागायचं. यांना लपावंही लागत नाही. हे कुठेच राहत नाहीत.

जानेवारीत नगरपरिषदेच्या सभागृहात पालकांसाठी सायबर सुरक्षेचं व्याख्यान झालं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर चित्रं, चहा-बिस्किटं. पुढच्या रांगेत पुढारी, मागे आम्ही. तज्ज्ञांचं बोलणं चांगलं होतं, पण त्याचा सारा रोख एकीकडे होता. पालकांनी सजग राहावं. पालकांनी मुलांशी मैत्री करावी. पालकांनी फोन तपासावा. काकू तासभर ऐकत होत्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा उठल्या. माईक घेतला नाही.

“साहेब, मी दिसभर गिरनी चालीवते. पोराची आई रात्रपाळी करती. आमी सजग कवा ऱ्हायचं ते सांगा.”

मागे कुणीतरी हसलं. तज्ज्ञ म्हणाले, “मावशी, तुमची अडचण समजते. पण शेवटी घरातूनच…”

“दारूच्या दुकानात पोराला बाटली दिली, तर कुनाला धरता? आईला का दुकानदाराला?”

“दुकानदाराला. पण इंटरनेट वेगळं आहे. इथे वय तपासायचं म्हटलं तर प्रत्येकाला आधार कार्ड द्यावं लागेल, नाहीतर चेहरा दाखवावा लागेल. कुणी काय बघितलं याची यादीच तयार होईल. ती फुटली तर? काही देशांनी असे कायदे केलेत, तिथेही यावर वाद चालू आहेत. शिवाय पोरं पळवाटा काढतात.”

“आधार मीबी देनार न्हाई असल्याला,” काकू म्हणाल्या. “माजी कागदं असल्या लोकांच्या हातात मला नकोत. तुमी म्हनता ते धोक्याचं हाय, मला पटतंय. पन तुमी शिकल्याली मान्सं, एवढी येंत्रं काढली, कागद न घेता वय कसं ओळखायचं ते कुनी काढलं न्हाई? का काढायचंच न्हाई?”

“मावशी, त्यांना कळत नाही फोन कोण वापरतंय.”

 अस्लमच्या दुकानातून त्या जे उत्तर न घेता परतल्या होत्या, ते त्यांना सापडलेलं होतं. पीठ दळता दळता कधीतरी सापडलं असणार.

“सिम माज्या नावावर. माजं वय साठ. मग त्या फोनवर गाड्यांच्या गेमच्या जाहिराती कशा येत हुत्या? साठ वर्साची बाई गाड्या पळीवती का? गेम इकायचा असला की त्यांना कळतं, पोरगं हाय. चॉकलेट इकायचं असलं की कळतं. आनि हे घान दावायच्या वक्ताला कळत न्हाई?”

सभागृहात कुणी हसलं नाही. तज्ज्ञांनी चष्मा काढला. प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, “याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या रांगेतला एक पुढारी वळला आणि हसत म्हणाला, “काकू, जाऊ द्या आता. साहेबांना नगरला जायचंय.”

“कुठं जाऊ द्या?” काकूंचा आवाज गिरणीच्या वर चढायचा तसा चढला. “माजा नातू हाय तो. दहा वर्साचा. माज्या घरात घडलंय. एका पोरीला त्यानं तरास दिला, मी तिच्या दारात जाऊन माफी मागून आले. मी मागितली. पोरानं मागितली. शाळेनं खाली बघितलं. आता ज्यानं हे घरात घातलं, त्यो कवा मागनार? तुमी सांगा, मी कुनाच्या दारात जाऊ?”

पुढारी परत पुढे वळला.

हे सगळं कुणीतरी फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर ‘गिरणीवाल्या काकूंनी साहेबांना झापलं’ म्हणून फिरत होतं. लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. दळण घ्यायला आलेल्या बायका त्यांना नमस्कार करायला लागल्या. काकूंना काय झालंय ते कळेना. आणि दोन दिवसांनी सोहम शाळेतून शर्ट फाटलेला आला. पोरांनी त्याला घेरलं होतं. नाव घ्यायची गरज नव्हती, मंदाकाकूंना नातू एकच होता. त्याला एक नाव पडलं होतं, तेही मी लिहिणार नाही. त्या मुलीचंही नाव लोक उकरायला लागले होते. तिची आई परत आली आणि या वेळी ती ओरडली नाही. “काकू, तुम्ही चांगल्यासाठी केलं असेल,” एवढंच म्हणाली. “पण आमचं झाकलेलं होतं.”

तो व्हिडिओ काढून टाका म्हणून काकू ग्रुप चालवणाऱ्या एकेकाकडे गेल्या. प्रत्येक जण म्हणाला, माझ्याकडे दुसऱ्याकडून आला, मी फक्त पुढे पाठवला.

रविवारी वर्षा आणि नितीन आले. जावई ओट्यावरच उभा राहिला, आत आला नाही. वर्षा आत जाऊन सोहमचे कपडे भरत होती. मी तिथे नसायला हवं होतं, पण काकूंनी मला धरून ठेवलं होतं.

“आई, तू कायम दुसऱ्यांशी भांडलीस,” वर्षा म्हणाली. “या वेळी माझ्या पोराला घेऊन भांडलीस. त्याला आता या गावात तोंड दाखवता येणार नाही.”

“मी त्याच्यासाटीच…”

“माहितीये मला. म्हणून तर काही बोलता येत नाही.”

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.  सोहम गाडीत बसताना परत उतरला, आजीच्या कमरेला मिठी मारली. त्याच्या केसांना पीठ लागलं.

काकू बरोबर होत्या की वर्षा, ते मला ठरवता आलेलं नाही. दोघी मायलेकी एकमेकींवर चिडल्या, मुलीची आई काकूंवर चिडली, पोरं सोहमवर तुटून पडली, शाळा घाबरली, हवालदार कानकोंडा झाला. आम्ही सगळे राहुरीत एकमेकांना ओरबाडत होतो. आणि ते पान तसंच चालू होतं. मी परवा पुन्हा बघितलं. तोच प्रश्न आहे. तीच दोन बटणं आहेत.

दोन-अडीच महिने काकू गिरणी चालवत राहिल्या. भांडणं बंद झाली होती. बाजरीवर गहू पडला तर गिऱ्हाईक काही बोलायचं नाही आणि काकूही नाही. रोज संध्याकाळी सोहमचा फोन यायचा. एकदा मी तिथे असताना आला. व्हिडिओवर त्याचा चेहरा निळसर उजेडात दिसत होता.

“आई कुठंय रं?”

“सेकंड शिफ्ट. बाबा झोपलेत, त्यांची नाइट आहे.”

“मग तू एकटाच?”

“हो. पण आजी, आता मला माझा फोन आहे. बाबांनी दिला, मी एकटा असतो ना, म्हणून.”

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. जेवलास का, अभ्यास केलास का, एवढं बोलल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ पिठाचा हात फडक्याला पुसत राहिल्या.

चार-पाच दिवसांनी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. दोन पिशव्या होत्या. एक माझ्या हातात दिली. “ष्ट्यांडपर्यंत चल.” गिरणीचं शटर खाली होतं. गिरणी त्यांनी पुतण्याला चालवायला दिली होती. गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं.

वाटेत मी विचारलं, “काकू, किती दिवस?”

“पोरगं मोठं होईस्तोवर.”

“जावयाकडे राहायला?”

“जावयाच्या घरी ऱ्हायचं नसतं, म्हायती हाय मला. माज्या आईनं सांगितल्यालं. नितीनला फोन केल्ता. म्हनलं, मला बोलू नका, एक कोपरा द्या. पोराजवळ बसते. काय म्हनायचं त्याला? ‘या’ म्हनला.” थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाल्या, “वर्षाला न्हाई सांगितलं अजून. ती चिडंल. चिडू दे.”

स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. मी पिशव्या वर ठेवल्या. मला खूप काही बोलायचं होतं. साठ वर्षांच्या बाईने स्वतः उभी केलेली गिरणी सोडून, कुण्या बेटावरच्या माणसाने करायचं राखणीचं काम करायला चाकणच्या दोन खोल्यांत जाऊन बसावं, याचा मला संताप येत होता. तो कुणावर काढावा हे मलाही माहीत नव्हतं. मी नुसतीच म्हणाले, “काकू, हे तुमचं काम नव्हतं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “पन ज्याचं हाय त्यो करीना.”

मी खाली उतरले. गाडी सुरू झाली होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या, डोक्याला टॉवेलाऐवजी पदर, भुवया धुतलेल्या, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. चाकणला त्या एकट्या कधीच गेल्या नव्हत्या. वर्षाच येत असे. कंडक्टर तिकिटं काढत त्यांच्याजवळ आला, तेव्हा त्यांनी त्याची बाही धरली आणि उघड्या खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

“दादा, शिक्रापूर आलं की सांगा हां. तिथनं गाडी बदलायची हाय मला. इसरू नका.”